संत एकनाथ आणि गावबा

पैठणला वळसा घालून निघालेली गोदावरी नांदेड, बासर अशी वाट काढीत भद्राचलमला जाते. म्हणून नारायणगुड्यात वाढणाऱ्या आमच्या मुलांना तो काठ परका वाटू नये. त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांचा जन्म झाला.

विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. मातापित्यांचे छत्र लवकर हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढविले. बालवयातच ते देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि परम दत्तभक्त. त्यांनी या मुलावर हिशेबाचे काम सोपविले. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ वह्या घेऊन बसले ते बसलेच. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजविली, अशी कथा आहे. हीच एकाग्रता ईश्वराकडे वळावी, हे गुरूंनी ओळखले व पुढे त्यांना शूलिभंजन पर्वतावर तपास धाडले.

नाथांनी १५७३ साली वाराणसीत भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. साध्या माणसांसाठी भारुडे रचली.

परंतु आम्हांस त्यांचे मोठेपण गावबाच्या कथेत अधिक दिसते. पुरणपोळीचा हट्ट धरणाऱ्या या मुलाला त्रासलेल्या आईने नाथांच्या घरी आणून सोडले. नाथांनी त्याला ठेवून घेतले आणि गिरिजाबाईंनी पोटभर पुरणपोळी वाढली. मंत्र देऊ लागले तर तो नाथांच्या नावावाचून दुसरे काही म्हणेना. नाथ रागावले नाहीत. मुलगा घरातील कामे करीत, कीर्तने ऐकत वाढला. १५९९ साली नाथांनी देह ठेवला, तेव्हा भावार्थ रामायणाचे युद्धकांड अपुरे होते. परंपरा सांगते की, ते पुढे गावबानेच पूर्ण केले.

आम्ही शिक्षक व पालक मुलांकडून स्तोत्रे पाठ करून घेतो आणि शब्द चुकला की डोळे वटारतो. अशाने पाठांतर होते. भक्ती रुजतेच असे नाही. जनार्दनस्वामींनी मुलाच्या हाती काम दिले, नाथांनी मुलाला घर दिले. देवाचे नाव त्यामागून आले आणि म्हणूनच ते टिकले. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आपल्या वहीतील चूक नाथांच्या चिकाटीने शोधा. तुमच्या हट्टाकडे नाथांच्या मायेने पाहण्याचे आम्ही शिकू.