र. धों. कर्वे : उत्तर देण्याची किंमत

समलिंगी किंवा तृतीयपंथी असणे हा मनाचा आजार नव्हे, हे मान्य करायला वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. हे शास्त्र अजून चाचपडत असताना मराठीत लैंगिकतेविषयी निर्भयपणे लिहिणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांना त्या लेखनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२ चा; घराणे कोकणातील मुरूडचे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. तरीही जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. घरच्या वैद्यालाही विचारता न येणाऱ्या शंका वाचक त्यांना पत्रांतून विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत.

त्या काळी युरोपातही एकमत नव्हते. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८८६ च्या ग्रंथात समलिंगी ओढ आणि आपण भिन्न लिंगाचे आहोत ही जाणीव, दोन्ही विकृतींच्याच यादीत बसवल्या होत्या. फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण कारणे बालपणात शोधत होते. बर्लिनच्या माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे दाखवले, तर हॅवलॉक एलिस यांनी समलिंगी ओढ हा निसर्गातलाच एक भेद मानला.

१९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांत हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांचा उल्लेख होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वकीलपत्र घेतले. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे आणि अज्ञान ज्ञानानेच दूर होते, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. न्यायालयाला ते पटले नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

मासिक मात्र थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन होईपर्यंत कर्वे ते चालवीत राहिले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ मध्ये आरोग्य संघटनेने लिंगओळखीतील विसंगतीही मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. कर्वे खटला हरले होते. पण प्रश्न विचारणाऱ्याला गुन्हेगार न मानता उत्तर द्यावे, ही त्यांची भूमिका काळाने खरी ठरवली.