संत चार्ल्स बोरोमेओ व मिलानचा पवित्र खिळा

मिलान नगरीच्या महामंदिराचा पाया १३८६ सालीं घातला गेला. तेथें वेदीवरील कमानींत उंचावर एक तांबडा दिवा दिसतो. त्या ठिकाणीं प्रभूच्या क्रुसाचा मानलेला खिळा जतन केलेला आहे.

संत चार्ल्स १५३८ सालीं आरोना येथें जन्मले. पोप चौथे पायस यांचे हे भाचे; १५६० सालीं मिळालेलें कार्डिनलपद नात्याचें फळ होतें, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु १५७६ सालीं मिलानांत प्लेग शिरला, सुभेदार शहर सोडून गेला, आणि आर्चबिशप चार्ल्स मात्र राहिले. वाड्यांतील पडद्यांचीं त्यांनीं गरिबांसाठीं वस्त्रें करविलीं. आजाऱ्यांस स्वहस्तें साक्रामेंत दिले. गळ्यांत दोर, पाय अनवाणी, हातीं तो खिळा जडविलेला क्रूस, अशी त्यांनीं मिरवणूक काढली. गर्दीनें रोग वाढेल ही अधिकाऱ्यांची भीति आम्हांस अवाजवी वाटत नाहीं. पुढें लोकांस घरांत कोंडण्याचा हुकूम सुटला, तेव्हां त्यांनींच चव्हाट्यांवर वेद्या उभारविल्या, व लोकांनीं खिडक्यांतून मिस्सा ऐकला.

१५७७ सालीं त्यांनीं महामंदिराचें अभिषेचन केलें. १५८४ सालीं ते वारले, १६१० सालीं संत ठरले. मुख्य वेदीखालच्या तळघरांत त्यांचा देह आहे. आणि दर सप्टेंबरांत मिलानचे आर्चबिशप मेघाकार पाळण्यांत बसून तो खिळा खालीं आणतात.