गांधीजींचा शाकाहार : लंडनमधील वर्षे
१८८८ साली लंडनला निघण्यापूर्वी गांधीजींनी आईच्या समाधानासाठी मांस न खाण्याची शपथ घेतली. मात्र राजकोटला मित्राच्या आग्रहाने चोरून मांस खाल्लेल्या या तरुणाला मनातून वाटे, की मांसाहाराशिवाय हिंदी माणूस बलवान होणार नाही. लंडनमध्ये शपथेपायी ते बरेच दिवस अर्धपोटी राहिले. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच विकत घेतलेल्या हेन्री सॉल्ट यांच्या पुस्तकाने त्यांचे मत पालटले. केवळ वचन म्हणून पाळलेला नियम त्यांना बुद्धीनेही पटला. पुढे काटकसरीसाठी ते गाडीभाडे वाचवून रोज ८-१० मैल चालू लागले. सकाळी ओटची लापशी स्वतः शिजवीत. घरून येणारे मसाले व मिठाई त्यांनी बंद केली आणि रिचमंडला बेचव वाटलेला नुसता उकडलेला पालक आता त्यांना रुचू लागला.