शाहू महाराज चहाला बसले



विहाराच्या वर्धापन दिनाच्या अंकात बाबासाहेबांवर पुष्कळ लेख येतात, ते यायलाच पाहिजेत. आम्ही मात्र यावेळी आमच्याच कागलच्या घाटगे घराण्यातील राजर्षी शाहू महाराजांवर लिहायला घेतले आहे. माणसाला मान कशाने मिळतो, धाकाने की आणखी कशाने, हा सवाल आम्हाला कारखान्यात पाळी करताना आणि चळवळीत फिरतानाही नेहमी पडत आला. त्याचा जाब महाराजांच्या चरित्रात सापडतो, असे आमचे मत आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव. तिसऱ्या वर्षी आई राधाबाई वारल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि दोन वर्षांत वडीलही गेले. राजकोटच्या कॉलेजात आणि पुढे धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिक्षण झाले. घोडा, शिकार, कुस्ती यांनी अंग असे धिप्पाड झाले की नुसते उभे राहिले तरी समोरचा माणूस दबून जावा. इंग्रजांना आपल्या ऐकण्यातला राजा घडवायचा होता. पण लहानपणीच आईबापाला मुकलेल्या या पोराच्या मनात गोरगरिबांची कणव कुठून आली, ते कुणा साहेबाला शिकवता आले नसते! २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी कारभार हाती घेतला.

एवढा देह, एवढी गादी. तरी पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहिताने वेदोक्त मंत्र म्हटले नाहीत, शूद्र समजून पुराणोक्त म्हटले. त्या भटजीच्या हातात ना काठी होती ना फौज. लहानपणापासून लोकांच्या डोक्यात जे भरले होते, त्याच्यावरच त्याचा रुबाब चालला होता. आमच्या वाडवडिलांचेही तेच. त्यांना रोज कोण मारत होते? पोर रांगायला लागले की त्याला कळायचे, पाणवठ्याला शिवायचे नाही, उंबऱ्याच्या बाहेर थांबायचे, जोहार घालायचा. मग जन्मभर सांगायची गरजच नाही.

म्हणून महाराजांनी पोरांपासून सुरुवात केली. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून मोठे काम आम्हाला शाळेचे वाटते. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह निघाले, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम झाला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून मुले एका शाळेत आणली. एका बस्करावर बसलेले पोर पुढे दुसऱ्याला बाहेर उभे करताना जरा तरी अडखळणारच की.

पण मोठ्या माणसांचे काय? त्यांचे लहानपण तर संपलेले. इथे गंगाराम कांबळे यांची हकीकत सांगावी लागते. ते महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच लोकांनी बेदम मारले. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना चाबकाने फोडले, असे सांगतात. आम्ही हे लपवत नाही, आणि बुद्धाच्या दारात बसून चाबकाची तारीफही करत नाही. चाबकाने पाठ सुजली असेल. मन कुठे बदलले? ते महाराजांनाही उमगले असावे. कारण पुढे त्यांनी जे केले त्यात हात उगारायचा प्रश्नच नव्हता.

गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा छत्रपतींची गाडी हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींपुढेही कप यायचा. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप? कुणावर हुकूम नाही, दंड नाही. मनातून कितीही कडू लागला तरी चहा पोटात गेला आणि काही बिघडले नाही हे त्यांचे त्यांनाच कळले. आम्हाला वाटते, त्या कपाने जे झाले ते दहा कायद्यांनी झाले नसते. अर्थात कायदेही महाराजांनी केलेच. १९१८ साली महार वतन रद्द केले, हजेरीची पद्धत बंद केली. हजेरीतून सोडवलेल्या, चोर म्हणून हिणवलेल्या फासेपारध्यांना तर त्यांनी स्वतःच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर विश्वास टाकला तो चोरी कशाला करील?

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला महाराज आले. अध्यक्ष होते २८ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या मूकनायकला महाराजांनी अडीच हजारांची मदत केली होती. परिषदेत महाराजांनी तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे अशा अर्थाचे सांगितले आणि बाबासाहेबांना रजपूतवाडीच्या कॅम्पवर आपल्यासोबत जेवायचे आवतण सगळ्यांदेखत दिले. गादीवरच्या माणसाने एका महाराच्या पोराला आपल्या पंगतीला बसवायचे, ते पण जाहीर! ज्यांनी पाहिले त्यांची मान त्या दिवशी वर झाली असणार.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय फक्त ४७. त्यांचे कोल्हापुरातले पहिले स्मारक उभे राहिले ते सरदार-जहागीरदारांच्या पैशातून नव्हे, तर गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने.