टीकाकाराला गोळी कशासाठी?

अलेक्सांद्र व्होरोन्स्की हे बोल्शेविक पक्षाचे जुने कार्यकर्ते. १८८४ साली धर्मोपदेशकाच्या घरी जन्मले. झारशाहीत तुरुंग आणि हद्दपारी भोगली. क्रांतीनंतर, १९२१ साली, त्यांनी मॉस्कोत 'क्रास्नाया नोव्ह' हे मासिक उभे केले. पक्षाबाहेरच्या बाबेल, पिल्न्याक यांनाही त्यात जागा दिली. साहित्यातून जीवन कळते, ही त्यांची भूमिका. 'ना पोस्तू' मासिकाच्या गटाला मात्र साहित्य हे केवळ वर्गयुद्धाचे हत्यार वाटे. १९२५ साली केंद्रीय समितीने कोणत्याही एका गटाची मक्तेदारी नाकारली. तरीही १९२७ साली व्होरोन्स्कींचे संपादकपद गेले. त्रॉत्स्कीच्या बाजूचे म्हणून पुढे पक्षातून हकालपट्टी झाली, लिपेत्स्कला हद्दपारी झाली. १३ ऑगस्ट १९३७ रोजी लष्करी न्यायपीठाने शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी गोळी घातली. त्यांच्यावर तुटून पडणारे आवेरबाखही त्याच साली मारले गेले. १९५७ साली व्होरोन्स्की निर्दोष ठरले.

आम्ही वकिली करतो, म्हणून विचारतो: शिक्षा आणि अंमलबजावणी एकाच दिवशी, मग अपील कुठे करायचे? वीस वर्षांनी मिळालेला न्याय मेलेल्याच्या काय कामाचा? आपल्याच माणसाची टीका ज्या चळवळीला सोसत नाही, ती उद्या टीका करायला लावणाऱ्यांनाही सोडत नाही. कार्यकर्त्यांनो, एवढे ध्यानात ठेवा.