स्व्यातोस्लाव फ्योदोरोव

स्व्यातोस्लाव निकोलायेविच फ्योदोरोव (८ ऑगस्ट, १९२७ – २ जून, २०००) हे सोव्हिएत रशियातील नेत्रशल्यविशारद होते. पारपटलावर किरणांसारखे छेद घेऊन निकटदृष्टिता कमी करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली व मोठ्या प्रमाणावर रूढ केली. चष्म्याचा क्रमांक घालवणाऱ्या आजच्या लेसर शस्त्रक्रियेची ही पूर्वपीठिका मानली जाते.

पूर्वायुष्य

फ्योदोरोव यांचा जन्म युक्रेनमधील प्रोस्कुरोव (आताचे ख्मेल्नित्स्की) येथे झाला. त्यांचे वडील लाल सैन्यात अधिकारी होते. स्टालिनच्या दमनसत्रात १९३८ साली त्यांना अटक झाली. फ्योदोरोव यांना वैमानिक व्हायचे होते. परंतु ट्रामच्या अपघातात एका पायाचे पाऊल गमवावे लागल्याने तो मार्ग बंद झाला. त्यानंतर ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १९५२ मध्ये रोस्तोव येथून पदवीधर झाले.

कृत्रिम भिंगाचे रोपण

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला केला होता. फ्योदोरोव यांनी १९६० मध्ये चेबोकसारी येथे एका शाळकरी मुलीच्या डोळ्यात असे भिंग बसवले. सोव्हिएत संघातील हे पहिले रोपण होय. वरिष्ठांनी ते अशास्त्रीय ठरवले व फ्योदोरोव यांना नोकरीवरून दूर केले. वृत्तपत्रातून त्यांची बाजू मांडली गेल्यावर त्यांना परत घेण्यात आले. पुढे १९६१ पासून अर्खांगेल्स्क व १९६७ पासून मॉस्को येथे त्यांनी हे काम चालू ठेवले.

किरणाकार छेदांची शस्त्रक्रिया

निकटदृष्टितेत प्रकाशकिरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. पारपटलाची वक्रता कमी केल्यास हा दोष घटतो. जपानमधील त्सुतोमू सातो यांनी त्यासाठी पारपटलाच्या आतील बाजूनेही छेद घेतले होते. त्यामुळे आतील पेशींना इजा होऊन अनेक रुग्णांची पारपटले काही वर्षांनी धुरकट झाली. फ्योदोरोव यांनी १९७४ च्या सुमारास केवळ बाहेरील बाजूने, मध्यभाग मोकळा ठेवून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेण्याची पद्धत अवलंबिली. छेदांमुळे कडेचा भाग किंचित फुगतो व मध्यभाग सपाट होतो.

एरवी निरोगी असलेल्या डोळ्यावर केवळ चष्मा टाळण्यासाठी शस्त्र चालवावे काय, हा वाद तेव्हापासून सुरू झाला. अमेरिकेत या शस्त्रक्रियेची दीर्घकालीन चाचणी झाली व तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के रुग्णांना लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागत नव्हता. मात्र ४३ टक्के डोळ्यांत दृष्टी एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक दूरदृष्टितेकडे सरकली होती. खोल छेदांनी दुबळे झालेले पारपटल स्थिर राहत नाही, हे यातून दिसून आले.

लेसरकडे वाटचाल

छेदाच्या अचूकतेची ही अडचण लेसरने सुटेल, अशी अपेक्षा होती. भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत असे दाखवले, की एक्झायमर लेसर आजूबाजूच्या भागाला न भाजता ऊतीचा अतिसूक्ष्म थर काढू शकतो. नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये त्यांच्यासोबत पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. आरंभी छेदांसाठीच लेसर वापरण्याचा विचार होता. पुढे पारपटलाच्या मध्यभागाचा पृष्ठभागच घासून आकार देण्याची रीत पुढे आली. त्यामुळे फ्योदोरोव यांची छेदपद्धती १९९० च्या दशकात मागे पडली.

संस्था व सार्वजनिक जीवन

फ्योदोरोव यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये मॉस्कोत नेत्रसूक्ष्मशल्यक्रियेचे मोठे केंद्र उभे राहिले व अनेक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. तेथे रुग्णांच्या खाटा एका शल्यविशारदाकडून दुसऱ्याकडे सरकत आणि प्रत्येकजण शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा करी. कारखान्यातील साखळीप्रमाणे चालणाऱ्या या व्यवस्थेने रुग्णसंख्या वाढली, तशी टीकाही झाली. संस्थेच्या उत्पन्नात कर्मचाऱ्यांना वाटा देण्याची पद्धतही त्यांनी सुरू केली. १९९६ मध्ये त्यांनी रशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्यांना एक टक्क्याहून कमी मते मिळाली.

मृत्यू

तांबोव्ह येथून मॉस्कोला परतताना २ जून, २००० रोजी हेलिकॉप्टर कोसळून त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेल्या केंद्राला आज त्यांचे नाव आहे.