फॅरेडेच्या नळीतली ‘घाण’ आणि क्लोरीनचा कारखाना

मायकेल फॅरेडे म्हटलं की तुम्हाला मोटर आठवते. मला आठवतो तो क्लोरीन.

1791 साली लोहाराच्या घरी जन्म, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं वाचून पोरगा शिकला. हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून काढलेली टिपणं त्याने छान बांधून डेव्हीलाच पाठवली आणि 1813 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, हे 1810 मध्ये सांगणारा हाच डेव्ही.

1823 मध्ये फॅरेडे क्लोरीन आणि पाण्याचे स्फटिक बंद काचनळीत तापवत होता. नळीत तेलकट थेंब दिसले. तिथे आलेल्या डॉ. पॅरिस यांनी अस्वच्छ नळ्या वापरतोस म्हणून त्याची थट्टा केली. फॅरेडेने नळीला कानस लावली, ती फाटकन फुटली, तेल गायब! ती घाण नव्हतीच, दाबाने द्रव झालेला क्लोरीन होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तशी चिठ्ठी गेली. (या प्रयोगांत काचा त्याच्या डोळ्यांतही गेल्या.)

पुढे 1833-34 मध्ये त्याने नियम मांडला: जेवढी वीज वाहते, तेवढाच पदार्थ सुटतो. अॅनोड, कॅथोड हे शब्दही तेव्हाचेच. तुमच्या फोनच्या बॅटरीतही तेच चालतात. 1867 मध्ये तो गेला.

आज क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनवतात. सेलमधून 1000 अँपिअर तासभर वाहिले, तर हिशोबाने 1.32 किलो क्लोरीन मिळायला हवा. कमी मिळाला की समजायचं, कुठेतरी गडबड आहे.

गडबड बहुतेकदा मिठातच असते. आमच्या चिरनेरपासून उरणची मिठागरं जवळच. समुद्राच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम येतंच. पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटतं ते मॅग्नेशियममुळेच. म्हणून आधी सोडा अॅश आणि कॉस्टिक घालून हे दोन्ही खाली बसवतात, गाळतात, मग रेझिनमधून काढतात. सेलमधल्या मेम्ब्रेनला एक अब्ज भागांत जेमतेम 20 भाग चालतात. त्याहून जास्त गेलं की मेम्ब्रेनमध्ये खडे धरतात. व्होल्टेज चढलं पण उत्पादन ठीक, तर संशय आधी मॅग्नेशियमवर. उत्पादनच घटलं तर कॅल्शियमवर. मेम्ब्रेन बदलायला धावण्याआधी रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना तपासायचा, कारण तिथली घाण थांबली नाही तर नवं मेम्ब्रेनही तसंच चोंदणार.